वेताळाच्या एकवीस पिढ्यांचा हिशेब

चित्रकथांच्या जगात अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि डोळ्यांवर मुखवटा घालून आलेला पहिला नामांकित वीर म्हणजे फँटम. आपण त्याला वेताळ म्हणून ओळखतो. सुपरमॅन त्याच्यानंतर दोन वर्षांनी आला, बॅटमॅन तीन वर्षांनी. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत वेताळाची पहिली पट्टी छापून आली. ती लिहिणारा ली फॉक तेव्हा चोवीस वर्षांचा होता. जादूगार मॅन्ड्रेक त्याने १९३४ मध्येच सुरू केला होता, त्यामुळे वर्तमानपत्रवाल्यांचा त्याच्यावर भरवसा बसला होता.

आता गंमत अशी, की या पहिल्याच गोष्टीत वेताळ कोण हे लेखकाने मध्येच बदललं. गोष्टीत जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत, आळशी तरुण आहे. न्यूयॉर्कच्या मेजवान्यांत दिसणारा, कामधंदा नसलेला. मुखवट्याखाली हाच असणार अशा खुणा फॉकने पेरून ठेवल्या होत्या. मग त्याला वाटू लागलं, की दिवसा बडा शौकीन आणि रात्री दुष्टांचा काळ ही युक्ती आता फार झाली. रेडिओवर, स्वस्त मासिकांत असे वीर पुष्कळ फिरत होते. म्हणून त्याने गोष्ट चालू असतानाच गाडीचा रूळ बदलला. वेताळ जिमी नाही. तो दूरच्या जंगलात कवटीच्या आकाराच्या गुहेत राहतो. चारशे वर्षांपूर्वी समुद्री चाच्यांनी एका जहाजावर हल्ला केला, त्यात एकाचा बाप मारला गेला, मुलगा वाहत किनाऱ्याला लागला. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली, की मी आणि माझ्यामागून माझी मुलं, नातवंडं या चाचेगिरीशी लढत राहू. बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, म्हणून जंगलातल्या लोकांना वाटतं की हा माणूस कधी मरतच नाही. आपल्या गोष्टीतला वेताळ हा एकविसावा.

जिमी वेल्सचं पुढे काय झालं? काही नाही. पेरलेल्या खुणा तशाच पडून राहिल्या. आजच्या वाचकाने ती गोष्ट सलग वाचली तर तो अडखळतो. पण तेव्हा ती सलग कोण वाचत होतं? रोज तीन-चार चौकटी. सकाळी वाचायच्या, संध्याकाळी त्याच कागदात भाजी बांधायची. महिन्यापूर्वी काय छापलं होतं ते पडताळायला घरात कागद शिल्लक नसे. फॉकला हे पक्कं ठाऊक असावं.

आणि म्हणूनच माझं म्हणणं असं, की वेताळाची सगळ्यात मोठी विसंगती हीच वेताळाची सगळ्यात मोठी पुण्याई आहे. जिमी वेल्स तसाच चालू राहिला असता तर दहा वर्षांत विसरला गेला असता. एकवीस पिढ्यांची कल्पना ही मधल्यामध्ये घातलेली ठिगळ होती, आणि त्या ठिगळावरच पुढची सगळी गोधडी शिवली गेली.

पण एकदा वंशावळ सांगितली की हिशेब मागणारे येतातच. पुढे गोष्टीत नक्की तारीख आली, १७ फेब्रुवारी १५३६. म्हणजे पट्टी सुरू झाली त्याच्या बरोबर चारशे वर्षं आधी, त्याच तारखेला. हा योगायोग अर्थातच लेखकाने बसवलेला. आता गणित करू. पहिला वेताळ १५३६ मध्ये विशीत, एकविसावा १९३६ मध्ये ऐन तारुण्यात. मधे वीस वेळा बापाकडून लेकाकडे वारसा गेला, म्हणजे सरासरी वीस वर्षांत एक पिढी. ओढूनताणून जमतं. पण फॉकला आणि त्याच्यामागून लिहिणाऱ्यांना जुन्या वेताळांना खऱ्या इतिहासात नेऊन सोडायची हौस होती. पहिल्याचा बाप म्हणे कोलंबसाच्या जहाजावर पोऱ्या होता. तिसऱ्या वेताळाने म्हणे शेक्सपिअरच्या नाटकात ज्यूलिएटचं काम केलं (तिकडेही तेव्हा स्त्रीभूमिका पुरुषच करत, आपल्या बालगंधर्वांसारखं). ते नाटक साधारण १५९५ च्या आसपासचं. म्हणजे पहिल्या दोन पायऱ्यांना साठ वर्षं लागली, पिढीला तीस. ठीक. तेरावा वेताळ १८१२ च्या युद्धात अमेरिकेत जाऊन जाँ लाफित या चाच्याच्या बरोबरीने लढला. तिथपर्यंत पिढीला बावीस वर्षं पडतात, तेही चालेल. पण १८१२ ते १९३६ म्हणजे एकशे चोवीस वर्षं, आणि त्यात तेराव्यापासून एकविसाव्यापर्यंत आठ पिढ्या. साडेपंधरा वर्षांत एक पिढी! त्यातून प्रत्येक मुलगा शिकायला परदेशी जाणार, परत येणार, शपथ घेणार, चार-दोन पराक्रम करणार आणि मगच लग्न करणार. हे बसत नाही. कितीही खोडरबर चालवलं तरी बसत नाही.

दुसरी गोष्ट मला त्याहून खटकते. चारशे वर्षांत एकदाही वंश खुंटला नाही, एकदाही दत्तक घ्यावा लागला नाही, एकदाही बापाआधी मुलगा गेला नाही. आपण इंदूरची माणसं, आपल्याला घराण्याचा इतिहास म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. मल्हारराव होळकरांचा एकुलता मुलगा खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पडला. मल्हारराव १७६६ मध्ये गेले, गादीवर आलेला नातू मालेराव पुढच्याच वर्षी गेला, आणि दौलत अहिल्याबाईंच्या हातात आली. तीन पिढ्यांत एवढं. वेताळाच्या घराण्यात मात्र वीस वेळा कारभार कसा सुरळीत. एकदाच, सतरावा वेताळ आजारी पडला तेव्हा त्याच्या जुळ्या बहिणीने, ज्यूलीने, तो पोशाख घालून काम चालवलं अशी गोष्ट आहे. मला सगळ्या पूर्वजांच्या गोष्टींत हीच खरी वाटते.

आम्हा कचेरीतल्या माणसांना एक सवय असते. सर्व्हिस बुकात पहिल्या पानावर जन्मतारीख एक आणि पुढे नामनिर्देशन पत्रात दुसरी निघाली, की कागद तिथेच अडतो. कुठली खरी हे ठरवून खाली शेरा मारावा लागतो, सही-शिक्क्यासकट. फॉकने असा शेरा सहसा मारला नाही. डायनाचंच पहा. पहिल्या गोष्टीत हा मुखवटेवाला कोण, याचा डायना पामरला पत्ता नाही. पुढे मात्र असं निघालं, की एकविसावा वेताळ लहानपणी अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या क्लार्क्सव्हिल गावी शिकायला होता आणि डायना तिथली त्याची बालमैत्रीण. (मिसुरी हे फॉकचंच राज्य. तो सेंट लुईसचा.) दोन्ही गोष्टी वाचकांना आवडल्या, दोन्ही राहिल्या.

पोशाखाच्या रंगाचंही तसंच. फॉकच्या मनात करडा रंग होता, नायकाचं नाव ‘करडं भूत’ ठेवावं असाही विचार त्याने केला होता. रोजची पट्टी काळी-पांढरी, त्यामुळे प्रश्नच आला नाही. मे १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली तेव्हा तो जांभळा छापून आला, आणि जांभळाच राहिला. स्वीडनमध्ये निळा, इटलीत लाल. हिरव्यागार जंगलात लपायला जांभळा पोशाख कोण घालील, हा प्रश्न शाळकरी पोरालाही पडतो. त्यावर पुढे झाडाच्या फळांच्या रंगाचा खुलासा आला. खुलासा पटला नाही तरी रंग मनात बसलेला होता.

इथे कोणी म्हणेल, गणेशोत्सवाच्या अंकात या परदेशी वेताळाच्या चुका काढत काय बसलात. पण आपल्या बाप्पाच्याच गोष्टी घ्या. पार्वतीने अंगाच्या मळाचा पुत्र केला आणि शंकराने त्याचं शिर उडवलं ही एक कथा, शनीची दृष्टी पडून शिर गेलं ही दुसरी. एक दात परशुरामाच्या परशूने तुटला असं एक पुराण सांगतं, आणि महाभारत लिहिताना लेखणी मोडली म्हणून त्याने स्वतःच दात मोडून घेतला असंही आपण मुलांना सांगतो. आपण याला चूक म्हणत नाही. अनेक तोंडांनी, अनेक गावांत, शेकडो वर्षं सांगितलेली गोष्ट अशीच असते. फरक एवढाच, की वेताळाची गोष्ट एका माणसाने, पगार घेऊन, त्रेसष्ट वर्षं सांगितली. तिच्यातल्या विसंगती अनेक तोंडांच्या नाहीत, त्या एकाच तोंडाने काळाप्रमाणे बदललेल्या शब्दांच्या आहेत. म्हणून त्या तपासण्यासारख्या आहेत.

आणि त्यातली सगळ्यात मोठी, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, ती म्हणजे वेताळाचं जंगल कुठे आहे ही.

सुरुवातीच्या गोष्टींत ते आशियात आहे, आपल्या आसपास कुठेतरी. जंगलाचं नाव ‘बेंगाली’. तिथल्या बुटक्या लोकांचं नाव ‘बंदार’, हे फॉकने किपलिंगच्या जंगलकथांतल्या माकडांवरून उचललं. ज्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या वैर ती चाच्यांची टोळी कोणाची? ‘सिंग’ टोळी. आणि विसाव्या वेताळाला, म्हणजे आपल्या वेताळाच्या बापाला, दगा देऊन मारणाऱ्याचं नाव काय? रामा. अरण्यात वाघही आहेत आणि सिंहही, आणि आफ्रिकेतल्यासारखी बुटकी माणसंही. हा सगळा गोंधळ कुठून आला हे कळायला एक गोष्ट पुरेशी आहे. फॉकच्या प्रसिद्धीपत्रकात तेव्हा लिहिलेलं असे की हा लेखक जग हिंडलेला आहे, पौर्वात्य गूढविद्या जाणणाऱ्यांच्या हाताखाली शिकलेला आहे. प्रत्यक्षात मॅन्ड्रेक विकायला तो सेंट लुईसहून न्यूयॉर्कला गेला, तोच तोवरचा त्याचा सगळ्यात लांबचा प्रवास. पुढे तो खरोखर पुष्कळ हिंडला. पण बेंगालीचं जंगल त्याआधीच कागदावर उगवलेलं होतं.

दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजा वेताळाच्या किनाऱ्यावर उतरतात, अशी गोष्ट १९४२ मध्ये आली. जपानी सैन्य ब्रह्मदेशात, मलायात, अंदमानात उतरलं. आफ्रिकेत नाही. म्हणजे त्या वर्षापर्यंत तरी जंगल पूर्वेकडेच होतं.

मग ते सरकलं. साठच्या दशकात चित्रकार साय बॅरी आल्यानंतर वाचकाला दिसू लागतो तो ‘बांगाला’ नावाचा आफ्रिकेतला देश. माणसं आफ्रिकेची, चेहरे, वस्त्रं, गावं आफ्रिकेची. हेच ते दशक ज्यात आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होत होते, आणि पट्टीतही तेच झालं. राजधानीचं मॉरिसटाउन हे इंग्रजी नाव जाऊन मावितान आलं. डॉक्टर लामांडा लुआगा निवडून येऊन राष्ट्राध्यक्ष झाला, त्याच्याविरुद्ध उठणारा लष्करशहाही आला. आपल्याकडेही बडोद्याचं वडोदरा, बेळगावचं बेळगावी झालंच की. पण गाव होतं तिथेच राहिलं. वेताळाचा आख्खा देश समुद्र ओलांडून गेला, आणि त्याबद्दल एका चौकटीतही एका शब्दाचा खुलासा नाही. गुहा तीच, घोडा तोच, बंदार तेच, गुर्रन तोच, समुद्रातले सिंग चाचेही तेच. वाघ मात्र आफ्रिकेत गेले ते अडचणीत आले. ते उरले वेताळाच्या ईडन बेटावर, जिथे सिंह, वाघ, हरणं आणि चक्क एक डायनॉसॉरसारखा प्राणी एकत्र राहतात, आणि मांसाहारी जनावरं मासे खाऊन समाधानी असतात.

याच सुमारास, मार्च १९६४ मध्ये, टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. पुढे अमर चित्रकथा उभी करणारे अनंत पै तेव्हा त्याच कंपनीत होते आणि इंद्रजालच्या उभारणीत त्यांचा हात होता. पहिल्या अंकात जी गोष्ट निवडली ती वेताळाच्या पट्ट्याची, म्हणजे बापाच्या खुनाची. तिच्यात रामा आहे. खुनी, दगाबाज रामा. भारतातल्या लेकरांच्या हातात द्यायच्या पहिल्याच अंकात हे नाव कसं चालणार? म्हणून रामाचा ‘रामालू’ झाला. सिंग टोळीची ‘सिंगा’ टोळी झाली. बेंगालीचं ‘डेंकाली’ झालं. संपादकांनी जे केलं ते त्या घडीला योग्यच होतं, यात मला शंका नाही. ज्या देशात सिंग आडनावाचे लाखो लोक आहेत तिथे ती नावं तशीच छापून पोरांना काय शिकवणार?

पण त्यामुळे झालं काय, की आपल्या दोन पिढ्यांनी हे पुस्तक आपल्याबद्दलचं आहे हे न कळता वाचलं. स्टेशनवरच्या बुकस्टॉलवरून, भाड्याच्या लायब्ररीतून, मावसभावाच्या ट्रंकेतून अंक मिळवून आपण वेताळाच्या बाजूने उभे राहिलो. शेरा लांडगा आणि तूफान घोडा आपले झाले. गोरा माणूस चारशे वर्षं काळ्या-सावळ्या लोकांचं रक्षण करतो, ते त्याला अमर समजून मान तुकवतात, आणि त्याचा हाडवैरी म्हणजे सिंग आणि रामा नावाची माणसं. हा मूळ मांडव. १९३६ मध्ये इथे इंग्रजांचं राज्य होतं आणि सेंट लुईसच्या एका तरुणाला हिंदुस्थान दिसत होता तो एवढाच. आपण ज्याच्या बाजूने टाळ्या पिटत होतो, त्याच्या समोर मुळात आपल्यालाच उभं केलेलं होतं.

हे मला कशावरून कळलं? त्या विसंगतींवरून. वाघ आफ्रिकेत कसे, जपानी आफ्रिकेत कसे, आफ्रिकी जंगलातल्या माणसांना बंदार का म्हणायचं, सिंगा म्हणजे कोण, हे धागे ओढत गेलं की मूळ कापड हाती येतं. फॉक नीटनेटका लेखक असता, मागचं सगळं खोडून सारखं केलं असतं, तर ही शिवण दिसलीच नसती. फॉकबद्दल मात्र हेही सांगायला हवं, की बदललेल्या काळात त्याने आपल्या कथेला मागे ओढून धरलं नाही. लुआगा हा कळसूत्री बाहुला नाही. तो शिकलेला, ताठ मानेचा माणूस आहे, आणि वेताळ त्याचा मित्र आहे, मालक नाही. हा बदल मन लावून केलेला वाटतो. फक्त जुनं कसं होतं ते कबूल करायचं राहून गेलं.

इंद्रजालने आणखी एक घोळ घातला, तो निव्वळ छपाईच्या सोयीचा. गोष्टी मूळ क्रमाने छापल्या नाहीत. चाळीसच्या दशकातली विल्सन मॅकॉयच्या साध्या, जाड रेषांची गोष्ट एका अंकात, आणि पुढच्यात साय बॅरीची. अमेरिकेत वेताळ आणि डायनाचं लग्न १९७७ मध्ये लागलं, एक्केचाळीस वर्षं वाट पाहून. १९७९ मध्ये किट आणि हेलोईज ही जुळी झाली. इकडे मात्र या आठवड्यात वेताळ दोन लेकरांचा बाप, तर पुढच्या आठवड्यात डायनाच्या आईच्या नजरेतला संशयित जावई. आम्ही लहानपणी याचा अर्थ लावला तो असा, की आपल्याला मिळालेला अंक जुना असणार. त्या वयात कोणी लेखकाला दोष देत नाही, रद्दीवाल्याला देतं.

शिवाय आपल्या घरांत वेताळ दोन होते. इथे इंदूर-ग्वाल्हेरकडे मिळायचा तो हिंदीतला ‘वेताल’. सुट्टीत पुण्या-मुंबईला गेलं की मराठी अंकातला ‘वेताळ’. एका ‘ळ’चा फरक, पण आजी-आजोबांच्या तोंडी तो ‘ळ’ आला की मागे निराळंच काही उभं राहायचं. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाची राखण करणारा देव. आमोण्याला, लोलयेला त्याची देवळं आहेत. रात्री तो गावाच्या सीमेवर फिरतो ही श्रद्धा. विक्रमाच्या खांद्यावर बसणाऱ्या, पंचवीस गोष्टी सांगणाऱ्या वेताळापेक्षा हा राखणदार वेताळ फॉकच्या नायकाला कितीतरी जवळचा आहे. ज्या कोणी हे नाव निवडलं त्याने हा विचार केला होता की नाही, देव जाणे. पण परक्या मुलखातून आलेल्या या पाहुण्याला घरातलं नाव मिळालं, हे मात्र खरं. १९९० मध्ये ८०३ अंकांनंतर इंद्रजाल बंद पडलं. त्यानंतर डायमंड कॉमिक्सने त्याला छापलं, पण ‘फैंटम’ म्हणून. तो आमचा नव्हता.

१९९६ मध्ये हॉलीवूडने वेताळावर चित्रपट काढला. त्यात चाच्यांच्या टोळीचं नाव बदलून ‘सेंघ’ केलं आहे. जे इंद्रजालच्या कोणा संपादकाने १९६४ मध्ये मुंबईत बसून केलं, तेच करायला त्यांना बत्तीस वर्षं लागली. फॉक तोवर लिहीतच होता. १३ मार्च १९९९ रोजी तो गेला तेव्हा रोजची गोष्टही अर्ध्यात होती आणि रविवारचीही. दोन्ही त्याच्या पत्नीने, एलिझाबेथने, पूर्ण केल्या.